अकरा वर्षांत हललेला एकच कागद

...न्हाय न्हाय, तुमी बसा, मी उभाच बरा हाय, का ते मागनं सांगतो. पर तुमीच सांगा ओ, ह्याला काय म्हणायचं? अकरा वर्षं! अकरा वर्षं आमच्या नंदादीप नगरानं पालिकेच्या हापिसाच्या तक्रारपेटीत कागद टाकले. गटारीचे टाकले, दिव्याचे टाकले, कुत्र्यांचे टाकले. ती कोपऱ्यावरची बजाबाई, तिनं तर दारातल्या गटारीवर इतके कागद लिवले, की तेवढे गटारीत टाकले असते तरी गटार बुजली असती! पर हलला का एक तरी? छ्या! अकरा वर्षांत एकच कागद हलला, आन् त्यो माझा!

आता तुमी म्हणाल, मग रेवणआप्पा, पेढे वाटा की! कसले पेढे? त्यो कागद खोटा हुता ओ! म्हंजे खोटा न्हाय... गमतीचा हुता. चेष्टा. आन् चेष्टा हा माझा जुना आजार हाय, साऱ्या नगराला ठावं. चौथीतनं शाळा सुटली ती मास्तरच्या खुर्चीला खाजकुयली लावली म्हणून. चादरीच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचो, तवा मुकादमाच्या डब्यातली भाजी खाऊन त्यात सुताची गुंडी ठेवायचो. आन् मागल्या उन्हाळ्यात, पाण्याचा दिवस नसताना, भर दुपारी नुसतं 'पाणी आलं!' म्हणून वरडलो, तर अख्खी गल्ली घागरी घेऊन नळावर! आमचे अध्यक्ष महेश्वर सर, रिटायर हेडमास्तर, ते तर नुसत्या टावेलावर! टावेल सोलापूरचा म्हणून टिकला, न्हायतर नगराची अब्रू गेली असती.

तर कट्टा. लिंबाखालचा. तीस-पस्तीस वर्षांमागं मी आन् सिद्धारामनं कारखाना सुटल्यावर इटा वाहून बांधलेला. सिद्धाराम म्हंजे शेजारच्या मागावरचा माझा दोस्त. माणूस सोन्यासारखा, पर आकार सोन्याच्या भावासारखा, रोज वाढतोच! बायको जाऊन चार वर्षं झाली त्याची. पोराच्या दोन खोल्या, आन् दुपारी सून शिकवणी घेती. एका खोलीत पाढे, दुसऱ्या खोलीत कविता. म्हातारा जाईल कुटं? जेवला की कट्ट्यावर येऊन आडवा. कट्टा बसायला सहा जणांचा, पर सिद्धाराम झोपला की फकस्त सिद्धारामाचा. आन् घोरणं! कारखान्यातले बारा माग एकदम चालू केल्यागत... खट्टाक् घर्रर्र, खट्टाक् घर्रर्र!

एक दिस मला टेकायला जागा मिळंना. टाळकं सणकलं. घरला गेलो. भिंतीवर किराणावाल्यानं फुकट दिलेलं क्यालेंडर, मार्च लागलेला. म्हटलं फेब्रुवारीचं पान आता कुणाला पायजे? टरकावलं. मागनं कोरं करकरीत. आन् लिवलं की झ्याक: 'माननीय सायेब, सदर लिंबाखालच्या कट्ट्यावर सदर एक अवाढव्य इसम रोज दुपारी सदर आडवा होऊन सदर घोरतो. सदर घोरण्यामुळे लिंबावरची पाखरं गाव सोडून गेली. तरी सदर कट्टा काढावा, न्हायतर सदर इसम काढावा. आपला, एक बसायला जागा नसलेला नागरिक.' हापिसाला लिवायचं म्हंजे 'सदर' लागतंय, आमटीला मीठ लागतंय तसं, एवढं चौथी नापासालाबी कळतंय की!

टाकला पेटीत. त्या पेटीवर मी भरवसा ठेवला हुता ओ! अकरा वर्षांत तिचं कुलूप कुणी काढल्यालं बगितलं न्हाय. म्हटलं, सिद्धारामला सांगून भिववायचं, दोन दिस हसायचं, मिटलं. अन् नवव्या दिवशी बगतो तर काय... लिंबाच्या खोडाला नोटीस! 'अवाढव्य इसम झोपत असल्याची तक्रार प्राप्त झाली असून सदर कट्टा हटविणेबाबत रविवारी नागरिकांची बैठक...' माझंच 'सदर' मला उलटं आलं! अकरा वर्षांत एकच कागद हलला, आन् त्यो माझा!

आन् सिद्धाराम? त्यो नोटिशीपुढं उभा. दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. मला म्हणतो, "रेवण्या, 'अवाढव्य इसम' म्हंजे मीच काय रं?" आता काय सांगू? म्हटलं, "नगरात दुसरा कोण हाय?" झालं! माणूस त्या दिवसापासनं कट्ट्यावर यायचाच बंद. बगाय गेलो तर घरात भिंतीला टेकून बसलेला, म्होरं वीस पोरं 'सतरा साते एकोणीसासे' का कायतरी म्हणायलेत, ह्येचे डोळे मिटायलेत आन् सूनबाई म्हणतीय, "मामा, घोरू नका हं, पोरं हसतात." दोन डाव सांगायला तोंड उघडलं, की बाबा, मीच त्यो गाढव. पर त्याचं तोंड बगितलं की 'च्या झाला का?' एवढंच इचारायचो! बाहेर येऊन नुसतं कागदाला शिव्या देत बसलो.

आला रविवार. समाजमंदिरात बैठक. बाया म्होरं, बाप्ये मागं, पंखा एक, आन् त्यो महेश्वर सरांवर. सरांनी माईक घेतला, "हॅलो, हॅलो... आजच्या या सभेचे अध्यक्षस्थान मी स्वतः स्वीकारावे अशी मी विनंती करतो." केली बी त्यांनीच, मान्य बी त्यांनीच! शेजारी हापिसातल्या वैजयंती मॅडम, हातात फाईल, चेहरा असा की बाई सकाळपासनं चार नगरं ऐकून आलीय. बजाबाई लगीच उठली, "मॅडम, माझी गटार..." सर म्हणाले, "बजाबाई, आजचा विषय कट्टा आहे." बजाबाई म्हणाली, "गटार कट्ट्याकडंच वाहती की ओ! विषयातच हाय ती!"

आन् सिद्धाराम कुटं? दारात! इस्तरीचा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार कार्ड, रेशन कार्ड, दोन फोटो आन् लस घेतल्याचं सर्टिफिकेट. त्याला वाटलं, उचलून नेत्यात. मॅडमनी इचारलं, "कट्ट्यावर झोपणारे कोण?" तर हात वर केला त्यानं, शाळेत करत्यात तसा. "मीच ओ बाई. आडवा पडतो, पर वाकडं कायी करत न्हाय. पायजे तर बसूनच झोपीन हितनं म्होरं. घोरणं तेवढं माझ्या हातात न्हाय... तेवढं धरू नका."

आन् मग जो भडका उडाला म्हणता! "कोण हाय त्यो तक्रार करणारा?" "असल्या माणसाच्या तोंडात माती पडो!" "म्हाताऱ्याची झोप बगवंना त्याला?" आन् माझं काय? मी बी उठलो की! गप बसलो तर संशय येणार. असा आवाज लावला, "कोण हाय त्यो नालायक? त्याच्या बापानं त्याला हेच शिकवलं का? हिंमत असंल तर म्होरं ये म्हणावं!" टाळ्या ओ टाळ्या! माझ्याच बापाचा उद्धार आन् मलाच टाळ्या! सर गहिवरले. म्हणाले, "रेवणसिद्धआप्पांच्या भावना आपल्या सर्वांच्या भावना आहेत. मी तक्रारदाराच्या निषेधाचा ठराव मांडतो. अनुमोदन आप्पांनी द्यावे." दिलं! उभं राहून दिलं! माझ्या निषेधाला मीच अनुमोदन देणारा साऱ्या जिल्ह्यात मी पयला असणार.

म्हटलं, आता मिटलं. कसलं मिटतंय? मॅडम म्हणाल्या, "भावना समजतात, पण लेखी तक्रार आहे. तक्रारदारानं मागे घेतली, तर काही करता येईल. नाव मात्र नाहीये." आन् फाईलीतनं कागद काढला. उलटा केला, सुलटा केला. "मागच्या बाजूला काहीतरी नोंदी आहेत... पाच तारीख, पाणी. दहा तारीख, पाणी. बारा तारीख, गॅस लावला. आणि सतरा तारखेला... 'दात'?"

तुमाला सांगतो, पयल्या लायनीत आमची जगदेवी बसली हुती. चाळीस वर्षांची माझी बायको. अशी उठली, अशी उठली, की खुर्चीबी तिच्यासंगट उठली! "अय्यो शिवने! माझं पान! मॅडम, ते माझं फेब्रुवारी हाय! नातीचा पयला दात त्या दिशी आला, भुवनेश्वरीचा! पंधरा दिस झालं धुंडाळायलेय मी, सुनेवर आळ घेतला, उंदराला औषध घातलं..." आन् मग हळूच मान वळली तिची. मांजरीची वळती बगा, तशी. "अहो."

एवढंच म्हणाली. "अहो." म्या वर पंख्याकडं बगितलं.

संपलो ओ! दोनशे डोळे माझ्यावर. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांचेच हात आता चपलंकडं जायच्या बेतात. सर म्हणाले, "आप्पा, आपण तर अनुमोदन दिलंत!" म्हटलं, "सर, मनापासनं दिलं!" आन् सिद्धाराम... त्यो नुसता बगत हुता. रागानं न्हाय ओ, रागानं बगितलं असतं तर बरं वाटलं असतं. मी गेलो, त्याच्याम्होरं उभा राहिलो, म्हटलं, "सिद्धा, चेष्टा केली रं. पेटी कुणी उघडत न्हाय म्हणून टाकला. तुजी झोप मोडायची नव्हती मला, जरा कूस बदलायची हुती." त्यो दाराजवळच्या खुर्चीत पिशवी मांडीवर धरून बसलेला. मग पोट हलाय लागलं त्याचं. आधी पोट, मग खांदं, मग खुर्ची. "हुच्चा! हुच्चा हायस रं तू रेवण्या!" हुच्चा म्हंजे आमच्या कानडीत येडा. आन् असा हसला, असा हसला, की पिशवीतनं आधार कार्ड पडलं. सुटलो! छातीवरचा दगुड उतरला. चाळीस वर्षांत येडा म्हणवून घेताना एवढं गोड कवा लागलं न्हाय.

"मागे घेता ना तक्रार?" मॅडमनी इचारलं. म्हटलं, "घेतो बाई, दोन्ही हातांनी घेतो." त्या म्हणाल्या, "मग तसा अर्ज द्या. त्यावर निर्णय येईपर्यंत कट्ट्याला हात लावता येणार नाही." बजाबाईनं इचारलं, "निर्णय कवा यायचा?" मॅडमनी फाईल मिटली. "अर्ज वर जातो." "वर म्हंजे कुटं?" "वर." अख्ख्या सभेनं वर बगितलं. वर पत्रा हुता. आन् बजाबाईनंच पयली टाळी वाजवली, "मग सुटला की ओ कट्टा! आता कोण हात लावतंय त्याला? माझी गटार गेली त्या वरच, अजून खाली आली न्हाय!" आन् तुमाला सांगतो, ज्या हापिसाच्या कारभाराला अकरा वर्षं बोटं मोडली, त्या कारभाराला त्या दिशी साऱ्या नगरानं हात जोडले! मॅडमबी हसल्या ओ, फाईल तोंडाम्होरं धरून हसल्या.

अर्ज तिथंच लिवला. 'सदर' एकच वापरलं, उगंच हलाय नको.

मला वाटलं, आता घरला जाऊन जगदेवीचं काय ते सोसायचं. ते सोसलंच, आठ दिस कडक भाकरी नुसत्या पाण्यासंगट, आन् सुनेची माफी मागायला मलाच म्होरं घातलं. पर सभेतच बजाबाईनं हात धरला. "आप्पा, तुमचा कागद नऊ दिवसांत हलला. माझ्या गटारीचं तुमीच लिवा!" मग एकेक जण. दिवा, कुत्री, खड्डा. सर म्हणाले, "पुढील सर्व पत्रव्यवहार आप्पा पाहतील." ठराव मंजूर! म्या लिवले की. मोजून एकवीस. सगळे खरे, सगळे 'सदर' घालून. तीन महिनं झालं... पेटीत पडल्यात. खरा कागद हलत न्हाय ओ. अकरा वर्षांत एकच कागद हलला, आन् त्यो माझा, आन् त्यो बी खोटा!

हां, मी उभा का ते राहिलंच की. हळू बोला, उठंल त्यो. ह्यो बगा, तुमच्या पाठीमागं, ह्यो लांबच लांब! आता उशीबी आणतोय घरनं. तुमी टेकलाय तेवढी वीतभर जागा पावण्यांसाठी सोडतो. त्या दिशी सभेत हसून झाल्यावर अट घातली गड्यानं, एक ते चार कट्टा त्याचा, आन् मी बाजूला उभं राहून पोरांना गप करायचं. साऱ्यांम्होरं व्हय म्हणून बसलोय. तीन महिनं झालं, पायांचे खांब झाले ओ... खट्टाक् घर्रर्र... ऐका, ऐका, कसा चाललाय माग!

कागदाखाली म्या काय सही केली हुती, ध्यानात हाय न्हवं? 'एक बसायला जागा नसलेला नागरिक.' झाली की खरी! तक्रार करावी म्हणतो मी... पर कशाला? आता खरी हाय. हलायची न्हाय.