डोळ्यातला अडकित्ता

हॅलो?… हॅलो, हॅलो! हो बाई, मोर्शी पोस्टच आहे… जोडा, जोडा…

हॅलो! कोण, धर्मपाल?… अरे मी डोमाजीमामा बोलून राहिलो. डोमाजी!… हो रे, कॉल तुह्या मायच्याच नावानं आला. मोरोपंत पोस्टमास्तरांनी माणूस धाडला, चतुराबाईले बोलवा म्हणून… पण ती घरी नाही ना! म्हणून मी आलो. असा धावत आलो का एक वहाण पायात आहे अन् दुसरी अजून रस्त्यानं चालून राहिली…

कुठं गेली म्हणजे?… तिवस्याले. आपल्या आळीतल्या जाईबाईच्या पोरीच्या लग्नाले… हो, परवाच… अरे काय सांगू तुले, मधातच मोटार बंद पडली. मंग मोटारीले बैल जुंपले. बैल थकले, मंग नवरदेव जुंपला. आता तो मांडवात बसल्या बसल्या घोरते, अन् नवरी म्हणते मले हा नाही पाहिजे, मले बैल द्या… हास ना लेका!

…हं. नाही हासत. बरं.

(थांबा मोरोपंत, असे डोळे वटारून नका पाहू. बोलायच्या भोकावर हात ठेवला मी, त्याले ऐकू नाही जात… अहो, त्याले मालूमच नाही! चतुरा जाऊन आज बावीस दिवस झाले, त्याले कोणी सांगतलं नाही. माही बहीण, मरताना माहा हात धरून बोलली, सोमवारचं पोराचं काम झाल्याबिगर सांगायचं नाही. चार दिवस राहिले. तुमी फक्त चूप बसा.)

हॅलो! आहे ना, आहे… तार वाऱ्यानं हलते, म्हणून आवाज गेला…

काय म्हणतं? बाटली?… हो, मागच्या आठवड्यात धाडली ती. पेनिसिलिनचीच रिकामी, बूच लावून, कापसात गुंडाळून. पोचली ना मुंबईले? मंग झालं!

नाही झालं?… सावकाश सांग बाबू, मी चौथी नापास… हो… तू गढूळ पाणी घेतलं… हो रे, मालूम आहे, जंतू असते त्यात, म्हणून ते ढगावाणी दिसते… त्यात मायचे आसू टाकले… अन्?… नितळ झालंच नाही?… दर डावाले एका मिनिटात होते, अन् या डावाले तासभर तसंच?… तीनदा करून पाहिलं?…

अरे, मंग जंतूंचीच कातडी जाड झाली असन! आमच्या मोर्शीचा मच्छर पाह्य. परवा खुशालरावनं चपलेनं हाणला, तर मच्छर चप्पल घेऊन उडाला…

…बरं, बरं. नाही करत थट्टा.

(काय विचारून राहिले मोरोपंत?… अहो, आसवात एक अडकित्ता असते म्हणे. एन्झाइम म्हणते तो त्याले. दिसत नाही इतका बारीक. मण्यांची लांबच लांब पोत, तिची आपोआप गुंडाळी होते, अन् गुंडाळीत पडते एक खाच. जंतू त्या खाचेत सापडला का त्याचं कवच कातरलं गेलं! म्हणून तर डोळा सडत नाही माणसाचा. अंड्याच्या पांढऱ्यातही असते तो. विलायतेच्या लोकांनी त्या अंड्यातल्या अडकित्त्याचं चित्र काढलं. आमचा धर्मपाल माणसाच्या आसवातला घेते, खाचेतला एकच मणी बदलते, अन् पाहते, आता कातरते का नाही… नाही, ही थाप नाही. ही एकच नाही.)

हो, हो, ऐकून राहिलो… तिचे डोळे? नाही रे, चांगले आहेत. तिले आता काहीच दुखत नाही…

…अकोल्याच्या जिनिंग कारखान्यात वीस वर्षं रुई डोळ्यात उडाली, म्हणून आसू बिघडले? नाही रे बाबू. तसं असतं तर पहिली बाटलीच बिघडली नसती का?…

नको! कायले येतं? सोमवारी प्रयोगशाळेच्या साहेबासमोर काम दाखवायचं आहे ना तुले?… मंग! देवमन गेला तेव्हा तू मॅट्रिकचा पेपर अर्धा टाकून अमरावतीहून पळत आला होता. बापाचं तोंडही नाही दिसलं, अन् वर्षही गेलं. तुही माय म्हणाय… म्हणते ना नेहमी, का ती तार धाडायलेच नको होती आपण…

काही नाही. जीभ घसरली माही.

काय सांगशील साहेबाले?… पुन्हा सांग, खरखर येऊन राहिली… 'दोन वर्षांचं सारं मागं घेतो'?… कावून?… जंतू तेच, नळी तीच, माय तीच, अन् उत्तर भलतंच… म्हणजे पहिली उत्तरंही नशिबानं आली असतीन… अरे असं कसं!… धर्मा, ऐक ना… आजच लिहून देतो म्हणतं?… अरे थांब, साहेबाच्या टेबलावर नको ठेवू तो कागद! ऐक ना लेका…

(मोरोपंत, आता काय करू मी? तिनं ज्याच्यासाठी माहं तोंड शिवलं, तेच हा पोरगा जाळायले निंगाला. अन् काडी माहीच.)

मधात नका बोलू बाई… हो, आणखी तीन मिनिटं द्या. द्या म्हणतो ना.

हॅलो. धर्मपाल. तुहं काम खोटं नाही. बाटली खोटी आहे.

…बाटली. त्यात आसू नव्हतेच. माठातलं पाणी होतं अन् चिमूटभर मीठ. मी चाखून पाहिलं, अस्सल आसवावाणी लागलं, म्हणून बूच लावलं… मी. मीच रे…

नाही, ही थट्टा नाही… हो, मालूम आहे, जन्मभर थापाच मारल्या तुह्यासमोर. तुले सांगतलं होतं, सारी मोर्शी डोळ्यापुढं संत्र्याच्या साली पिळत रांगेनं बसली, खुशालरावची म्हैसही दोन थेंब देऊन गेली… ते सारं खोटं. रांग नव्हती. एकटी चतुरा होती. दर महिन्याले उन्हात बसे, साल डोळ्यापुढं पिळे, अन् तू दिलेली काचेची नळी गालाले लावून धरे. डोळे लालबुंद होत. मी म्हणो, पुरे आता. तर म्हणे, 'अजून दोन थेंब, पोराचा एक मणी सरकन.'… हो. संत्रं मात्र मी खात होतो.

दिवाळीत तू समजावून गेला होता ना, अंड्यातल्या पोतीत एकशेएकोणतीस मणी आहेत म्हणून? तिनं तितकेच काळे मणी ओवले. मुठीत गुंडाळून मले दाखवे. म्हणे, 'डोमादादा, हे पाह्य, इथं सुपारी बसते…'

तेच सांगून राहिलो ना. मीठ कावून टाकलं… तिचे आसू नव्हते माह्यापाशी.

…नाही. तिवस्याले नाही ती. जाईबाईच्या पोरीचं लग्न होऊन दोन वर्षं झाले.

धर्मा… चतुरा गेली रे. बावीस दिवस झाले.

…

हॅलो?…

…धर्मा?…

…नाही रे, नाही. खोटं नाही. शपथ तरी कशाची घेऊ, माह्या शपथेवर तू लहानपणापासून हासत आला… थांब. माह्यावर नको ठेवू विश्वास. तुह्या त्या गढूळ पाण्यावर ठेव. साठ वर्षांत माही थाप कोणी पकडली नाही या गावात. त्या पाण्यानं पकडली. म्हणे, हे आसू नाहीत. बरोबर म्हणे…

…न्युमोनिया म्हटला डॉक्टर. अमरावतीच्या दवाखान्यात पाच दिवस होती… हो, शुद्धीवर होती… मी होतो, शेजारचा जानराव होता… भंतेजी आले, त्रिशरण म्हटलं, सारं रीतीनं झालं. अग्नी मी दिला, तुह्या नावानं…

बोल. बोल ना. शिव्या दे मले… हो. हो, तुहा हक्क होता. मी नाही म्हणत नाही… तार लिहिली होती रे मी. कागद हातात होता. तिनं तो ओढून घेतला, उशीखाली ठेवला. म्हणे, 'डोमादादा, जन्मभर फुकाच्या थापा मारल्या, आता एक कामाची मार. त्याच्या सोमवारपर्यंत टिकली पाहिजे.'

नाही टिकली. तुह्या मायनं सांगतलेली एकच, अन् तीच नाही टिकली.

…काय?… माहे आसू कावून नाही टाकले?… टाकले असते रे. आलेच नाहीत. साल पिळली, कांदा चोळला, जाईबाईनं मिरची कांडली ते तोंड पुढं करून बसलो… कोरडे ठणठणीत. तिले पोचवून आलो तेव्हाही नाही. लोक म्हणत, पाह्य, गप्पाड्याले बहिणीचंही दुःख नाही.

हं?… कोणती?… संक्रांतीची?… ती बाटली अजून आहे तुह्यापाशी?… बर्फाच्या पेटीत. किती?… तळाशी, थेंब-दोन थेंब…

मंग तीच टाकून पाह्य ना बाबा… नाही टाकत? कावून?… जुनी झाली?… मंग काय?…

…हो. समजलं. आता तेवढीच राहिली, म्हणून.

ऐक माहं. तिनं ते ठेवायले नव्हते धरले. ठेवायचे असते तर तिच्या डोळ्यात चांगले होते… तिनं कामाले धाडले तुह्याकडे. काडीनं एवढासा घे, उरलेलं सोमवारले ठेव. घे. मी आहे इथं. फोन नको ठेवू, बाजूले ठेव, अन् टाक…

हो. थांबलो.

(त्यानं पेटीतून बाटली काढायले माणूस धाडला मोरोपंत… थोडं सरका, टेकू द्या… नका बोलू.)

नाही बाई, संपलं नाही बोलणं. कोणी बोलत नसलं तरी चालू आहे ते. तोडू नका. मी पाया पडतो तुमच्या…

हॅलो… हो, आहे. टाकलं?… घड्याळ लाव. मले सांग काय दिसते ते… ढग आहे. असू दे. हलव थोडं… मी मोजतो. दहा… वीस… अजून ढगच?… तीस… चतुरा, लाव बाई जोर… नाही, तुले नाही म्हटलं… चाळीस…

काय?… काय म्हणतं? मोठ्यानं बोल!…

पलीकडचं भिंतीवरचं घड्याळ दिसून राहिलं?… नळीच्या आरपार? काटे, आकडे, सारं?…

नितळ…

थांब, थांब. मले पुन्हा सांग. ती जाऊन बावीस दिवस झाले. अन् आता, या टायमाले, तिकडे मुंबईत, तुह्यासमोर… तिचा अडकित्ता कातरून राहिला…

…

रड बाबू. रड. नळी नको धरू आज. आजचे जाऊ दे वाया…

हो… तो कागद फाड. फाडला?… मले आवाज येऊ दे फाडल्याचा. मी थापाड्या, मले दुसऱ्याचा भरोसा नाही… हां. आला.

आता सोमवारी तोच थेंब दाखव साहेबाले. कोणाचा आहे ते नाव सांग. चतुराबाई, अकोल्याच्या जिनिंगात कापूस निवडे म्हणून सांग. मंग बस गाडीत. मी बडनेऱ्याले उभा राहतो… तिचे मणी मी ठेवले आहेत तुह्यासाठी, तशेच, मुठीत गुंडाळले होते तशे… तू येशील ना?… धर्मा, येशील ना, तेवढं सांग…

हॅलो?

हॅलो?… बाई?… हॅलो?…

तुटला.

घ्या मोरोपंत, तुमचा फोन. भोक पुसून घ्या, ओलं झालं असन…

अन् इथं पोस्टात संत्रं कोण सोलून राहिलं? माहे डोळे चुरचुरून राहिले… तुमी?… मंग कोण? दाराशी कोणी आहे का?…

पहा ना नीट. कोणी तरी सोललं असन.