नवसाची भाकरी

—नाय गो, तशी झाकून नको ठेवू. टोपलीवरचं फडकं काढ आधी. करवंदंच हायत ना? मंग पदराखाली काय धरून बसलीस? एस्टीतल्या माणसाला वाटेल, बाईनं पोर निजवलंय. हां, असं. आता जरा पुढं सरक. माज्या मागं लपून काय व्हणार— मी जाडी हाय ते खरं, तू माज्या मागं टोपलीसकट मावतेस— पण गिऱ्हाईक काय मला वळसा घालून तुज्याकडं येणार नाय. तू गोमाजीची सून ना, वरच्या वाडीची? आवडी नाव? बघ, वळखलं का नाय. मी रंगूबाई. तुला ठाऊक असंलच, आख्ख्या पोलादपुरात ठाऊक हाय— रंगूबाई भाकरीवाली. पयल्यांदा कुणी तसं म्हटलं त्या दिवशी मी घरी जाऊन रडले व्हते. आता कुणी नुसतं रंगूबाई म्हटलं तर वाटतं, ह्याचं काय तरी म्हणायचं राह्यलं.

लाज वाटते? वाटू दे. लाजेनं काय अंगाला भोकं पडत नायत. माज्याएवढी तर तुला नक्कीच वाटत नसंल— तू निदान स्टँडावर येऊन बसलीस. बस, सांगते. महाडवरनं गाडी यायला अवकाश हाय. आली तरी डायवर आधी इंजनाला पाणी पाजतो, मंग सोता चा पितो— पुढं कशेडीचा घाट हाय ना— तोवर लोकं उतरतात, कंबर सरळ करतात, खायला बघतात. तेवढाच आपला बाजार.

माजं कसं झालं, आमचे हे मुंबईला गिरणीत. मी घरी, सासू आनंदीबाई नि दोन पोरं. मुंबईचं टपाल यायचं, चाललं व्हतं. तर त्या वर्षी दसऱ्यापासनं टपाल आटत गेलं— आधी पैसे कमी, मंग नुसतं खुशालीचं कारड, मंग तेही नाय. पिकलेला भात असा किती पुरतो? नि एक दिवस मी बाजाराला आले व्हते, तर हितंच एक गाडी बंद पडलेली. माणसं भुकेनं कासावीस. हाटेलात चा नि कालची भजी. एक बाई पोराला भजं भरवत व्हती नि पोर थुकत व्हतं. माज्या मनात आलं, हितं तांदळाची गरम भाकरी नि बोंबलाची चटणी असती तर? मनात यायला एवढासा वेळ लागला बघ. पण मनातनं हातात यायला? आख्खा हिवाळा गेला! उतेकरांची सून मी. शिमग्याला पालखी आमच्या दारात आधी येते, मग बाकीच्या वाडीत. ती सून रस्त्यावर बसून भाकरी इकणार? रोज चुलीपुढं बसून म्हणायची, उद्या जाते. नि उद्या आलं की म्हणायची, आज आवस हाय, आज पोराला पडसं हाय, आज चटणीत मीठ जास्त झालं. एकदा तर म्हटलं, आज वारा हाय! भाकरीला काय वारा बाधतो काय गो?

शेवटी सासूला इचारलं. आत्याबाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मंग म्हणाल्या, "अगो, पण लोकांनी बघितलं तर?" मी म्हटलं, "बघायलाच पायजेत ना आत्याबाई, नाय तर घेतील कोण?"— नाय, नाय, खोटं कशाला बोलू, असं मी म्हटलं नाय. हे आता सुचतंय. तेव्हा मी नुसती मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत व्हते. तर त्याच म्हणाल्या, "जा. पण पदर खाली असू दे." झालं. निघाले. वाटेत रानात कुणी नाय बघून आरडून पण बघितलं— भाकरी घ्या, भाकरी! एक भेकर तेवढं जाळीतनं उठून पळालं. मला वाटलं, आवाज तर बरा हाय आपला.

हितं आले, गाडी आली. आवाज म्हणशील तर गिळला गेला. पदर हा असा नाकाच्या खालपर्यंत. टोपली घेऊन त्या वडाला पाठ लावून उभी. वडाची पारंबी म्हणून कुणी धरली असती तरी मी गप राह्यले असते. तेवढ्यात एक कोटवाला गृहस्थ आला— माज्या पुढ्यात नुसते त्याचे बूट दिसले— म्हणाला, "भाकरी वाटतं? कशी दिली?" आता काय बोलायचं ठाऊक व्हतं ना मला? रातभर पाठ केलं व्हतं. पण तोंडातनं आलं, "घ्या असंच." म्हणाला, "असंच म्हणजे?" मी घाबरले गो. म्हटलं, "नवस हाय."

हस, हस. हसण्यासारखंच हाय. असा टोपलीवर तुटला समाज, की बघता बघता चटणीचं बोट पण राह्यलं नाय. एक म्हातारी तर माज्या पाया पडली. घरी गेले. आत्याबाई म्हणाल्या, "खपल्या?" म्हटलं, "सगळ्या." "मग पैसे?" म्हटलं, "देणार हायत." "कोण?" म्हटलं, "एस्टीवाले." काय बोलत व्हते, माजं मला ठाऊक नाय.

दुसऱ्या दिवशी ठरवून आले, आज पैसे सांगायचेच. तर गाडी उभी राहायच्या आधी कंडक्टर आतनं ओरडला, "उतरा, उतरा, नवसाच्या भाकरीवाली बाई हाय हितं!" आता काय करशील? हाटेलवाला पण म्हणतो, "वहिनी, नवस अर्धा सोडू नका हां, देवी कोपते." कुठली देवी, ते मलाच म्हायत नव्हतं! पण लोकांच्या तोंडावर कसं सांगायचं, की बाबांनो नवस नाय, दुकान हाय हे? घरात तांदळाचं मडकं खरवडायची वेळ आलेली, नि मी आपली सरकारी एस्टीला जेवू घालत्ये. रोज जाताना म्हणायची, आज शेवटचं. नि रोज येताना टोपली रिकामी नि कनवटी पण रिकामी. एका सकाळी आत्याबाईंनी कानातल्या कुड्या काढून माज्या पुढ्यात ठेवल्या नि म्हणाल्या, "तांदूळ आण." तेवढंच. त्या दिवशी मी भाकऱ्या थापताना मान वर केली नाय.

थांब, आता खरं ऐक. शिमगा जवळ आला व्हता. मुंबईच्या गाड्या चाकरमान्यांनी भरून यायच्या, टपावर ट्रंका नि वळकट्या. मी कुणाची तोंडं बघायचीच नाय. पदरातनं खिडकीतले हात तेवढे दिसायचे. हात बाहेर आला की भाकरी ठेवायची, पुढं सरकायचं. हातांना कसली लाज नसते, म्हणून मला ते बरं. काळे, गोरे, बांगड्यांचे, अंगठ्यांचे. तर एका खिडकीतनं हात आला— करंगळी वाकडी. गिरणीत साच्यात सापडून वाकडी झालेली करंगळी. त्या करंगळीला एक आख्खा पावसाळा मी हळद लावलीय गो. ती मी वळखायची नाय तर कुणी? नि वरनं आवाज आला, "म्हातारे, मला पण दे गो एक, नवसाची."

म्हातारे! मी तेव्हा तिशीची पण नव्हते!

माज्या हातातली भाकरी त्या हातावर कशी ठेवली, देवाला ठाऊक. ठेवली. नि उभी राह्यले. म्हटलं, आता उतरतील. पोलादपूर आलं, घर हितं हाय, शिमगा हाय, उतरतील नाय तर काय करतील? तर नाय. डायवर चढला, कंडक्टरनं दोरी ओढली, घंटी वाजली, नि हे आपले आत बसून चटणी चाटतायत! गाडी हलली. बघ आवडे, माज्या मनात काय आलं असंल? मी बोलत नाय ते. तू पण मुंबईवाल्याचीच बायको हायस, तुज्या पण मनात येत असंल कधी. मोठ्या शहरात माणूस एकटा, टपाल बंद, नि घरावरनं गाडी पुढं जाते तरी उतरत नाय. माजे पाय कधी सुटले मला कळलं नाय. डोक्यावर टोपली, गाडीच्या बाजूनं पळत्ये, पदर कुठं तो उडाला, नि मी आरडले— "कोंडाजी! ए कोंडाजी उतेकर!"

हां. नवऱ्याचं नाव. भर बाजारात. लग्नात नाव घेतलं तेवढंच, त्याच्यानंतर भाताच्या कोंड्याला पण मी कोंडा म्हटलं नव्हतं, "भाताची सालं" म्हणायची! नि आता असा आरडा घातला की हाटेलवाल्याच्या हातनं किटली निसटली. कंडक्टरनं दोरी ओढली. गाडी थांबली. सगळ्या खिडक्यांतनं डोकी बाहेर, नि एका डोक्याच्या तोंडात माजी भाकरी. बघतायत माज्याकडं. गिळता पण येत नाय, थुकता पण येत नाय. नि मला गो, किती इचारायचं व्हतं. कुठं व्हता? कुठं निघालात? कोण हाय तिकडं? पोरं आठवतात का? सगळं गळ्यापर्यंत आलं, नि निघालं काय?

"भाकरीचे पैसे दे!"

द्या पण नाय. दे! ते बिचारे घास तसाच ठेवून म्हणाले, "अगो, पण नवसाची ना?" मी म्हटलं, "नवस फिटला! आजपासनं इकत हाय!"

आख्खी गाडी हसली. हसू दे. कंडक्टरच आधी खाली उतरला, एक आणा माज्या हातावर ठेवला, म्हणाला, "ही घ्या बाई, माझी भवानी." मंग खिडक्यांतनं हात आले, पयल्यांदा भरलेले. मी घेत व्हते, देत व्हते, नि आरडत व्हते— एकदा फुटलेला आवाज काय परत आत जातो? नवऱ्याचं नाव आरडल्यावर भाकरीचं नाव आरडायला कसली आलीय लाज. सगळं आटपलं नि बघते तर हे ट्रंक घेऊन खाली उभे. पुढचं तिकीट गेलं वाया. गाडी गेली.

मंग त्या वडाखाली बसलो. बाय-बिय काय नव्हती गो! गिरणीतलं काम दसऱ्यालाच गेलेलं. रिकाम्या हातानं घरी कसं यायचं, म्हणून मित्राच्या वळखीनं चिपळुणाकडं पुलाच्या कामावर निघाले व्हते. पोलादपूर आलं की टॉवेल तोंडावर घ्यायचा नि झोपायचं, असं ठरवलेलं. पण भाकरीचा वास आला. ते मला तोंड दाखवायला लाजत व्हते नि मी जगाला. खिडकीच्या ह्या बाजूला एक नि त्या बाजूला एक. घरी जाताना हे पुढं, मी मागं. अर्ध्या वाटेत थांबले. म्हणाले, "टोपली जड हाय का?" म्हटलं, "रिकामी हाय." म्हणाले, "मग दे." डोक्यावर घेतली, नि वाडी दिसायला लागली तशी परत माज्याकडं दिली. त्या दिवशी मला जेवढं बरं वाटलं गो— जाऊ दे.

काय म्हणतेस? येवढं पीठ कोण दळतं? गिरणीचं नाय हां माजं, भाकरी चिरते त्यानं. जात्यावरचंच. कोण म्हंजे— आत्याबाईंना आता झेपत नाय, मी भाकऱ्या थापते, मंग कोण दळणार? हेच दार लावून दळतात. बाहेर कुणाला कळू नये म्हणून बायकांसारखा बारीक आवाज काढून ओव्या पण म्हणतात. शेजारची प्रयागबाई एकदा मला म्हणाली, "रंगू, तुजी नणंद आलीय काय गो?"— अगो बाई, बोलून बसले. आवडे, हे कुणाला सांगशील तर बघ. मर्द माणूस हाय, वाडीत बसतो-उठतो. मी पण सांगितलं नाय त्यांना, की रोज दाराबाहेर बसून ऐकते म्हणून. एक ओवी तर सोता जुळवलेली हाय, तिच्यात माजं नाव हाय— पुरे. तो बघ, वडाच्या मागं उभा, तोंडाला टॉवेल नि हातात दुसरी टोपली? तेच. गरम भाकऱ्या आणतात रोज, पण पुढं नाय येत. मी म्हणते येतील. मला हिवाळा लागला, त्यांना दोन लागतील.

तुज्या घरवाल्याचं टपाल येतं का गो?

बरं. नाय इचारत.

पाणी पी. नि ते द्रोण भरून ठेव, गाडी आल्यावर तेवढा वेळ नाय मिळत. धूळ दिसतेय बघ तिकडं— आली. ऊठ. पुढच्या खिडक्या तू घे, मागच्या मी घेते. माज्या तोंडाकडं काय बघतेस? काय आरडू म्हणून काय इचारतेस? करवंदं हायत तर करवंदं म्हण! हितं बोललीस तसं नको, तेवढं कोंबडीला पण ऐकू जायचं नाय. नि हे बघ, गाडी उभी राह्यली की मी तुला वळखत नाय. आत्याबाई येऊन उभ्या राह्यल्या तर त्यांना पण नाय. माज्या गिऱ्हाइकात पाय घालशील तर ढकलून देईन. जा आता, जा— भाकरीय! गरम भाकरीय! चटणी-भाकरीय—