लाल दिव्याची सवय

आंध्रची वाटणी होऊन तेलंगणा झालं त्या साली मी हैदराबादेत हिमायतनगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे बसले होते. शेजारी दोघी बोलत होत्या. माझे डोळे अधू आहेत, कान नाहीत.

"इंदुताई, एकनाथरावांचा टीव्ही केंद्रात निवृत्तीचा सत्कार झाला म्हणे."

"झाला बाई. शाल मिळाली अन् माझा जीव भांड्यात पडला."

"का हो?"

"केंद्रातली अर्धी मंडळी इथं राहणार, अर्धी विजयवाड्याला जाणार. जुने दोस्त एकमेकांशी बोलेनात. अन् हे म्हणत होते, भाषणात दोन्हीकडच्यांना सुनावतो."

"परेशानीच की. मग सुनावलं?"

"माईक धरला, तेवढ्यात समोर कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला."

"मग?"

"जन्म गेला कॅमेऱ्याशेजारी उभं राहण्यात. दिवा लागला की आपण गप्प राहायचं अन् समोरच्याला हातानं खूण करायची, बोला म्हणून. यांनी तीच खूण केली, अख्ख्या सभेला."

"अगं बाई."

"दोन्हीकडचे पोट धरून हसले. मग उठून टाळ्या. विजयवाड्याला निघालेल्या रावगारूंनी तर मिठीच मारली."

"अन् भाषण?"

"घरी आल्यावर मला ऐकवलं, सगळंच्या सगळं."

"मग आता काय करणार हो?"

"इथनं कोठीच्या बाजारात जाते. स्वयंपाकघरात लावायला एक लाल दिवा घेते."