हिचा नेम

नाही हो, बसली नव्हती ती. तुम्हाला खुर्चीतून तसं दिसलं असेल – थैली वर गेली, दोन फांद्यांच्या बेचक्यातून पलीकडे पडली, झालं काम – पण असं नसतं ते. आणि खुर्ची जरा मागे घ्या. आणखी. थैली परत येताना समोर कोण बसलंय ते बघत नाही. हां, तिथं ठीक आहे. आता बघा, ही बारीक दोरी, हिच्या टोकाला ही थैली, थैलीत शिशाचे छर्रे. दोन पायांच्या मधून झोका द्यायचा, जरा अंदाज घ्यायचा आणि सोडून द्यायची. फांदीवरून पलीकडे गेली की आपल्या वजनानं खाली येते. मग या बारीक दोरीला चढायचा जाड दोर बांधायचा, ओढून वर न्यायचा, आणि त्या दोरावर माणूस चढतो. म्हणजे बेचकं कुठलं निवडलं, यावर त्या माणसाचा अख्खा जीव. म्हणून ओढून काढली मी ती. साल सुटलेली होती तिथं. तुम्हाला इथून नाही दिसायची, मला कळतं.

माणूस म्हणजे – बाईमाणूस. आमची ही. तीच हो, आत वहिनींबरोबर चहा पितेय ती, कमरेला पट्टा बांधून. तुम्हाला काय वाटलं, माझ्या मदतीला आलीये? सगळ्यांना तसंच वाटतं. मागच्या गिऱ्हाइकानं तर तिला झाडू आणून दिला, पाला गोळा करायला. तिनं घेतला, हसली, आणि मग लिंबोणीएवढ्या झाडावर चढून फांदी कापून खाली आली. ते झाड छोटं होतं पण. आतापर्यंत सगळी छोटीच केली तिनं. असं उंच, निलगिरीचं, हे पहिलंच. निलगिरी म्हणजे वाईट जात – दिसायला सरळ, वागायला लहरी. वारा नसताना फांदी टाकते. ही तुमची मोडकी फांदी छपरावर लोंबतेय ना, तीसुद्धा अशीच गेली असणार, काही कारण नसताना. तुम्ही म्हणालात वादळानं. असेल. वादळाला काय, नाव लावायला बरं पडतं.

मी का नाही चढत? चढत होतो की. या हातांनी अशी झाडं उतरवलीयेत की खाली माणसं मुंगीएवढी दिसायची. आता कानाचं निघालं. आतल्या कानाचं. वर असताना एकदम आभाळ फिरलं माझ्याभोवती, मी खोडाला मिठी मारून डोळे मिटून बसलो, आणि खाली आल्यावर हिला सांगितलं की करवतीला धार नव्हती. दुसऱ्या दिवशी करवत बघितली तिनं, पातं बोटानं चाचपलं, आणि मला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, आता स्टुलावरसुद्धा चढायचं नाही. स्टुलावरसुद्धा. घरातला दिवा गेला तर बायकोनं बदलायचा. मी म्हटलं, धंदा विकून टाकू. ही म्हणाली, कशाला, मी चढते, तुम्ही फेका. असं म्हणाली, भाजी तुम्ही आणा म्हणावं तसं.

सरका जरा, पुन्हा टाकतो.

गेली? गेली. पण खालच्या फांदीला घासून गेली, बघितलंत ना? दोर तिथं रगडला जाणार. नाही चालायची. येऊ दे खाली – हळू ओढायची असते ही, हिसका द्यायचा नाही, आणि दोरी हाताला गुंडाळायची तर मुळीच नाही. अडकलेली थैली सुटली की सरळ ओढणाऱ्याच्या अंगावर येते. बायको म्हणते, थैलीचा स्वभाव तुमच्यासारखा आहे.

नेम? नेम चांगलाय हो माझा. उगाच नाही सांगत. हे ठरल्यापासून रोज मागच्या अंगणात सराव केलाय, दोरीवर वाळत घातलेल्या चादरीच्या वरून थैली टाकायची, चादर न हलवता. शेजारी बघायला उभे राहायचे. फेकायला काय लागतं खरं तर. इतकी वर्षं ही फेकत होती आणि मी चढत होतो, तेव्हा मी तिला हेच म्हणायचो – अगं, फेकायला काय लागतं. हिचा नेम कच्चा. फार कच्चा. तुम्हाला म्हणून सांगतो, तिला म्हणू नका. मी पट्टा बांधून तयार, हेल्मेट डोक्यावर, आणि ही आपली फेकतेय, ओढतेय, पुन्हा फेकतेय. एकदा एका बंगल्यात तर मालकाचा कुत्रा झोपला, उठला, जेवला, पुन्हा झोपला, तरी हिचं चालूच. छोटं झाड असलं की पटकन व्हायचं, ते कबूल करायला पाहिजे. उंच असलं की मात्र अख्ख्या सकाळी गेल्यात आमच्या. चार माणसांत सांगायचो मी – हिला फांदी द्या भिंतीएवढी, तरी चुकवेल. सगळे हसायचे. तीपण हसायची.

तुम्ही मोजताय की काय? नका मोजू. हो, याआधीची बसली होती. बरं, बसली होती. त्याच्या आधीचीही म्हणाल तर – पण ते बेचकं अरुंद होतं, दोर आवळला असता. मला माहितीये मी काय करतोय. तुम्हाला छप्पर मोकळं करून हवंय, ते होईल. घाई कसली? चहा होऊ दे त्यांचा.

आमचा एक नियम आहे – माझाच नियम, मीच केलेला – की चढणाऱ्यानं फेकायचं नाही. चढणाऱ्याला घाई असते. पट्टा काचत असतो, एकदाचं वर जाऊन काम उरकावं असं वाटत असतं, मिळेल त्या बेचक्यावर तो खूश. म्हणून फेकायचं खालच्यानं. आणि दुसरा नियम, तो सगळ्यांचाच – चढणाऱ्याचे पाय जमिनीवरून सुटले की खाली कुणी बोलायचं नाही. एक शब्द नाही. वरून हाक आली तर ऐकू आली पाहिजे ना. म्हणून मी आत्ता बोलून घेतोय. एरवी मी इतका बोलत नाही. बरं, बोलतो. घरात बोलणारा मीच, ही अबोल. मला वाटायचं स्वभावच तसा. पण इतकी वर्षं रोज तासन् तास खाली उभं राहून गप्प राहायचं, मान वर करून, तर कुणाचाही होईल तसा स्वभाव. मानही दुखायची तिची. रात्री तेल लावून चोळत बसायची, आणि मी म्हणायचो, वर मी होतो, मान तुझी कशी दुखते.

सरका.

ही बघा. ही बघितलीत? याला म्हणतात नेम. बरोबर मधोमध, जाड बेचकं, खाली काही आड नाही. सुरेख. आता ही – थांबा हं – नको. हीपण नको. का म्हणजे? साल सुटलेली दिसतेय तिथं.

हो, आधीच्याला पण हेच म्हणालो. मग? निलगिरीची साल सुटतेच, जातच ती. तसं बघितलं तर सगळीकडेच सुटलेली असते, त्यात काही – काय म्हणत होतो मी? हां. ही पण हेच म्हणायची. साल सुटलेली दिसतेय, अहो, थांबा जरा. चांगली बसलेली थैली ओढून काढायची, मी डोळ्यांनी बघायचो, आणि म्हणायची, साल सुटलेली दिसतेय. मी चिडायचो. म्हणायचो, तुला इथून काय दिसतं. तर म्हणायची, मला कळतं.

हे बघा, एक सांगू का? वर असताना भीती वाटत नाही. खरंच नाही वाटत. वर हात कामात असतात, पुढची फांदी बघायची, पाय कुठं ठेवायचा ते बघायचं, मन रिकामं नसतं. ही भीतीबिती सगळी खाली असते. मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नाही. काल रात्री मी तिला म्हटलं, हे उंच झाड सोडून देऊ, गिऱ्हाईक दुसरं कुणी बघेल. ती भांडी पुसत होती. म्हणाली, टाकाल हो तुम्ही नीट. आणि झोपली. झोपली, घोरलीसुद्धा.

आली बघा. झाला चहा? नाही गं, अजून नाही. तीन-चारदा टाकली, जमेना. वारा आहे वर. खाली नाही लागत, वर आहे. साहेबांना विचार. साहेब, तुम्ही – बरं, नका बोलू. अगं, थैली कशाला घेतेस? नियम काय आहे आपला? चढणाऱ्यानं फेकायचं – अगं, तुझा नेम –

एका फेकीत.

साहेब, बघितलंत तुम्ही? नीट झोकासुद्धा दिला नाही. त्याच बेचक्यात टाकली. मी ओढून काढली त्याच. एका फेकीत, आणि थैली खाली उतरून चपलांजवळ आली तिच्या. चादरीवरून टाकायचा सराव नाही केला तिनं, काही नाही केलं. म्हणजे नेम कच्चा नव्हता. कधीच नव्हता. म्हणजे त्या सगळ्या सकाळी, तो कुत्रा, ती सगळी – आणि मी चार माणसांत हसवायचो लोकांना. आणि ही पण हसायची, त्यांच्यात उभी राहून.

आलो, आलो. दोर बांधतोय. थांबा साहेब, आता जरा लोंबकळायचंय मला. हसू नका, हे असंच करतात – दोर वर गेला की आधी फेकणाऱ्यानं वजन टाकून बघायचं, मग दोघांनी मिळून. आज फेकणारी आणि चढणारी एकच आहे, तरी करायचं. धर गं. अशी नाही, माझ्या हाताच्या वर धर. पाय उचल. लोंबकळ. आणखी एकदा. या वयात दोघं माकडासारखे. हलत नाही काही. आवाज नाही, कडकड नाही. पक्कं आहे. साल? नाही, साल ठीक आहे. साल चांगली आहे.

पट्टा बघू. ही कडी फिरव. हेल्मेटचा बंद. वर गेल्यावर खाली बघू नकोस, मी आहे इथं. आणि घाई करू नकोस, साहेबांना अजिबात घाई नाही, मला म्हणालेत ते. अगं, एक विचारू? त्या बंगल्यात, कुत्रा होता बघ, तेव्हा तू – नाही, काही नाही. जा. खाली आलीस की विचारतो.

साहेब, खुर्ची उचला आणि आत जाऊन बसा. वहिनींनाही सांगा, रेडिओ बंद करा म्हणावं. सुटले पाय तिचे.