सत्कार आधी, भरती नंतर

...आणि शाल तरी कसली, तर लोकरीची! मस्कतमध्ये! जिथे माणूस स्वेटर घालतो तो फक्त मॉलच्या एसीत! ती खांद्यावर, हातात नारळ, समोर आपल्या मराठी मंडळाचे दोनशे लोक टाळ्या वाजवताहेत, आणि मी नारळाआड तोंड लपवतोय. कारण ज्या गोष्टीसाठी माझा सत्कार चाललेला होता ना, ती मी केलेलीच नव्हती! करणार नव्हतो! करायचा विचारसुद्धा मनात नव्हता!

घाबरलो? छे! दहा वर्षं फौजेत काढलेला माणूस मी!

तुम्हाला सांगतो, चूक माझीच. मी कॅप्टन एकनाथ खरात, रिटायर्ड... रिटायर्ड म्हणजे काय, शॉर्ट सर्व्हिस. दहा वर्षं केली, आणि तेव्हा विचारलं होतं, आणखी चार वर्षं वाढवून देतो, थांबता का? मी म्हटलं, नको, घरच्या अडचणी आहेत. आणि आलो इकडे. तिकडे जवानांचा शिधा सांभाळायचो, इकडे वाळवंटातल्या कामगार कॅम्पांना जेवण पुरवणाऱ्या कंपनीत कांदे सांभाळतो. आठ वर्षं झाली. अल खौदला फ्लॅट, बायको वसुंधरा, मुलगी उर्वी, एसी सुरू, झोप शांत. काय वाईट होतं हो?

तर एका शुक्रवारी दुपारी सतीशचा फोन. सतीश माझा बॅचमेट, आता मेजर. "एक्या! टेरिटोरियल आर्मीत ये!" म्हणजे राखीव फौज. मी म्हटलं, अरे ते पार्ट-टाइम असतं ना, वर्षातून दोन महिने? तर तो हसला. त्याचं हसणं तुम्ही ऐकलेलं नाही, पत्र्यावर वाळू पडल्यासारखं हसतो. म्हणे, "शिरायचं दोन महिन्यांसाठी रे! मग युनिट एम्बॉडी होतं, म्हणजे पूर्ण वेळ वर्दी, पूर्ण पगार, पूर्ण सगळं! वर्ष संपलं की विचारतात, कोण थांबतंय? आपण हात वर करायचा! पुढच्या वर्षी परत हात वर! मी बघ, सात वर्षं झाली, पार्ट-टाइमच करतोय, घरी गेलो की कुत्रं भुंकतं माझ्यावर!"

हात वर करायचा! अहो, मी दहा वर्षं हात खिशात ठेवून काढली! वर्गात मास्तरांसमोरसुद्धा मी कधी हात वर केला नाही!

पण मोठेपणा मिरवल्याशिवाय राहवतं का? सव्वीस जानेवारीचा कार्यक्रम, रुवीतला हॉल, मी आपला चहा घेता घेता तानाजीला, म्हणजे आपल्या मंडळाच्या सेक्रेटरीला, सहज म्हणालो, "फौजेवाले परत बोलवतायत रे... बघू." बघू! मराठीत बघू म्हणजे काय, हे शेंबडं पोर सांगेल! पण त्या दिवशी तानाजीचा प्रमुख पाहुणा ताप येऊन घरी झोपलेला. शाल आणलेली, नारळ आणलेला, आणि सत्कारमूर्तीच नाही! तानाजीनं माझ्याकडे असं बघितलं, खाटीक बघेल तसं. पुढच्या मिनिटाला माइकवर, "बंधू-भगिनींनो! सुखाची नोकरी लाथाडून, भारतमातेच्या हाकेला ओ देऊन, आपले कॅप्टनसाहेब पुन्हा वर्दी चढवताहेत!"

टाळ्या! मागं एक आजी रडायला लागल्या! मी "अहो थांबा, अजून..." म्हणतोय तर फोटो निघाला, आणि घरी पोचेपर्यंत साताऱ्याहून मावशीचा मेसेज. सासऱ्यांनी तर शेजाऱ्यांना पेढे वाटले.

घाबरलो? छे! दहा वर्षं फौजेत... पण म्हटलं, यातून बाहेर पडायचा सभ्य रस्ता शोधावा. आणि रस्ते होते हो! पहिला, अर्बाब. आमचे मालक रजेचा अर्ज बघितला की छातीला हात लावतात. त्यात राखीव फौजेत शिरायला भारतातच पोटापाण्याचा धंदा लागतो, म्हणजे इथली नोकरी गेलीच. मी मुद्दाम पडेल चेहरा करून गेलो, म्हटलं, अर्बाब, देश बोलवतोय, पण तुम्ही नाही म्हणालात तर मी समजू शकतो, पूर्णपणे समजू शकतो. अर्बाब खुर्चीतून उठले, मला मिठी मारली, "माशाल्ला! एकनाथ, तुम सोल्जर! हमको मालूम नहीं! तुम पूना ऑफिस जाव, उधर से प्याज भेजो, मिलिटरी करो, खलास!" आठ वर्षांत त्या माणसानं मला एक जादा सुट्टी दिली नव्हती, आणि एका मिनिटात पुणे दिलं!

दुसरा रस्ता, वय. बेचाळीसची अट. मी आशेनं मोजलं. एक्केचाळीस वर्षं सात महिने! आईनं पाच महिने आधी जन्म दिला असता तर काय बिघडलं असतं?

राहिली वसुंधरा. म्हटलं ही रडेल. रडली की मी म्हणणार, जा, तुझ्यासाठी सोडलं. तर ही शांत. "तुम्हाला हवं असेल तर भरा फॉर्म." हवं असेल तर! रडायचं सोडून असलं काही बोलतात का बायका? आणि उर्वी, अकरा वर्षांची, इंग्रजीत वाढलेली पोर, मराठी चाचपडत बोलते, ती म्हणाली, "बाबा, तू परत सोल्जर होणार? पण तू तर... पालला घाबरतो."

घरात खरं बोललं ते एकटं पोरच.

तर परीक्षा झाली. नापास व्हायचं ठरवून गेलो होतो, पण गणितात कांदे-बटाट्यांच्याच हिशेबासारखे प्रश्न, हात आपोआप चालला! आणि मुलाखत. पुण्यात. टेबलापलीकडे तिघं, मधे ब्रिगेडियर मॅडम. केस पांढरे, नजर अशी की मी उगाचच पोट आत घेतलं. म्हटलं, इथे तरी मूर्खासारखं बोलायचं आणि यल्ला, घरी पळायचं. मॅडमनी माझी फाइल चाळली. "कॅप्टन, आठ साल पहले आपने एक्स्टेन्शन क्यों नहीं लिया?"

आता, उत्तर तयार होतं. घरच्या अडचणी. आठ वर्षं सगळ्यांना तेच सांगितलं होतं. आणि तुम्हाला सांगतो, काय झालं मला कळलं नाही, तोंडातून निघालं, "घाबरलो होतो, मॅडम."

डावीकडच्या कर्नलनं पेन खाली ठेवलं.

मग मी थांबलोच नाही. काश्मीर, फेब्रुवारी, अकरा ट्रक, वर एका चौकीला शिधा पोचवायचा. वळणावर बर्फ घसरून रस्ता अर्धा गेलेला. उतरून पुढं चालत रस्ता बघायचा, हे माझं काम. माझं! आणि माझे पाय उतरेनात. डोकं म्हणतंय उतर, आणि पाय... दुसऱ्याचे असल्यासारखे. माझा ड्रायव्हर, पंचेचाळिशीचा हवालदार, त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "साहब, आप बैठो." आणि फावडं घेऊन गेला पुढं. एकट्यानं रस्ता केला. अकरा ट्रक पोचले. शाबासकीचं कार्ड आलं, ते माझ्या नावावर. त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. मीही नाही. ते कार्ड घरी फ्रेम करून लावलंय, मॅडम, आणि आठ वर्षं मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवतो.

मॅडमनी विचारलं, "अब भी डरते हैं?" मी म्हटलं, "अब ज़्यादा, मॅडम. अब बेटी है."

त्यांनी काहीतरी लिहिलं. मी बाहेर आलो, आणि काय सांगू, हलका! नापास! नक्की नापास! दोन प्लेट मिसळ खाल्ली, विमानात झोपलो, मस्कतला उतरलो तर ऊनसुद्धा गोड लागलं.

बारा दिवसांनी मेल. सिलेक्टेड!

घाबरलो? हो! घाबरलो! दहा वर्षं फौजेत काढलेला माणूस किचनमध्ये ओट्याला धरून उभा राहिला! मेडिकलला वजनाची आशा होती, तर डॉक्टर म्हणाले, सहा किलो उतरवून या. काळजीनं नऊ उतरलं! आणि वर सतीशचा फोन, "एक्या, अभिनंदन! तुझं युनिट एम्बॉडी होतंय! दोन महिने वगैरे विसर, पहिल्या दिवसापासून फुल-टाइम!"

मग मात्र मी वसुंधराला बसवलं आणि सगळं सांगितलं. सगळं. बर्फ, पाय, हवालदार, कार्ड. म्हटलं, वसू, तुझा नवरा भित्रा आहे. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. म्हणाली, "झोपेत दर थंडीत 'उतरतो, उतरतो' म्हणून ओरडता तुम्ही. अठ्ठावीस डिग्रीत. मला काय कळत नव्हतं?"

"मग अडवलं का नाहीस?"

"अडवलं असतं तर जन्मभर माझ्या नावावर घातलं असतं तुम्ही," म्हणाली. "आणि अहो... घाबरत नाही मी असं वाटलं का तुम्हाला?" आणि तेव्हा रडली. जेव्हा हवं होतं तेव्हा नाही, आता! जुडी हातात धरून! मग मी. मग आतून उर्वी आली, काय झालं ते न विचारताच तीही!

शेवटचा कागद भरला परवा. पूर्ण वेळ सेवेस स्वेच्छेने तयार आहात का? केली सही. अक्षर बघून बँकेनं चेक परत केला असता, पण केली. एकदा तरी स्वतः उतरून बघावं म्हटलं... अठरा तारखेचं विमान आहे.

भीती गेली का म्हणून विचारताय? कुठली जाते! पण तिघंही एकदम घाबरलो की घरात स्वयंपाकच होत नाही, असं लक्षात आलं. म्हणून मी शेवटी फौजी पद्धतीनं कुणी कधी घाबरायचं याचा तक्ता करून फ्रिजवर लावलाय. सोमवार-गुरुवार वसुंधरा, शनिवारी उर्वी, कारण शाळेला सुट्टी... बाकी सगळे दिवस मी.

आज मंगळवार. चला, ड्यूटीवर आहे मी.