बोडख्यावर नेलेली घागर

माहं नाव चंपा. माहेर केळझरच्या बाजूचं, बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार होता, अन आमी सहा बहिनी, त्यातली मी चौथी अन सगळ्यात कामचुकार. खोटं कायले सांगू तुम्हाला, आता सत्तरी पार झाली, आता कोनाले घाबराचं? विहिरीवरून पानी आनाले पाठवलं का मी गुंड, म्हंजे पान्याचा हंडा, अर्धाच भरत जाव, अन घरापाशी आली का असी वाकून, असी कण्हत येत जाव का मायले वाटे पोरीची कंबर मोडते आता. दिसाले मी बरी होती, अन ते मले मालूम होतं, हाच मोठा घोटाळा होता. आरशाचा तुकडा पोलक्यात ठेवून फिरनारी पोट्टी कोनतं काम करन, तुम्हीच सांगा.

तर असी मी लगन होऊन कारंज्याच्या वरच्या अंगाले गेली. तिकडे गाव डोंगराच्या पायथ्याशी, अन डोंगर कसा, तर त्याले नावच बोडखा. झाड नाई, झुडूप नाई, नुस्ते काळे गोटे अन वाळलं कुसळ. वाळवंट मी टीव्हीतच पाह्यलं, तिथी निदान पायाखाली रेती तरी नरम असन, इथं तर चैत-वैशाखात गोटे तव्यावानी तापत. घरात सासू सरजाबाई, आमचे हे, भासरे म्हंजे ह्यांचे मोठे भाऊ, अन त्यांची बायको कौसा, माही जाऊबाई. सासरे, मामंजी, माह्या लग्नाच्या सहाव्या महिन्यातच गेले. तापानं गेले. चांगला मानूस. मले हाक मारतानी कधी आवाज चढवला नाई.

आता रीत ऐका, नाई तर तुम्हाला पुढचं काई समजनार नाई. अखाजीले, म्हंजे अक्षय तृतीयेले, पितरांच्या नावानं पान्याची घागर भरतात, ते तर सगळीकडेच हाये. पन त्या गावात असं का, ज्या घरचं मानूस त्या साली गेलं असन त्या घरच्यानं घागर घरी नाई ठेवाची, बोडख्याच्या पार डोक्यावर न्याची अन तिथं ओताची. म्हनत का गेलेला मानूस पहिल्या साली उंचावर बसून घराकडे पाहत राहते, त्याले तिथं तहान लागते. मोठ्या सुनेची घागर जुन्या पितरांची, धाकटीची घागर नव्यानं गेलेल्याची. अन जोवर वर पानी ओतलं नाई तोवर जानाऱ्यानं घोटभरही प्याचं नाई. सकाळपासून. वैशाखात.

मी काय केलं? काय करन! नदीच्या रेतीत खोदलेल्या झिऱ्यावर पहाटे घागरी भरल्या, जाऊबाईनं तिची काठोकाठ भरली, मोठ्या मनाची बाई. मी तिच्याकडे पाठ केली अन माही भरल्याचं नुस्तं नाटक केलं, बुडाशी दोन ओंजळी घेतल्या, हलवली तर डुबुक वाजलं पाह्यजे तेवढ्या. वरून फडकं बांधलं, फडक्यावर खरबूज ठेवलं, आंब्याची पानं लावली, झाली घागर भरली. मनात म्हनलं, गेलेला मानूस काय मोजून पिते का? दोन ओंजळी पडल्या म्हंजे झालं. अठरा वर्षांची अक्कल ही. आज ती पोट्टी समोर आली तर मी तिले डोंगरावर नाई, झिऱ्यातच ढकलन.

निघालो. पुढे आमी तिघी, बुढी म्हंजे सासूबाई, जाऊबाई अन मी. मांगून दोघं भाऊ, त्यांच्याजवळ पूजेचं सामान अन छत्री. लू लागू नये म्हनून सगळ्यांच्या कमरेले कांदा खोसलेला. गावची शिव सोडेपर्यंत बरं होतं. मंग चढाव लागला. त्या डोंगराची खोडी असी का खालून एकच टेकाड दिसते, वाटते हेच टोक, ते चढलं का त्याच्या मांगं दुसरं, ते चढलं का तिसरं, अन दरवेळी वाटते का आता झालं, अन दरवेळी होत नाई. अर्ध्या वाटेत ह्यांच्या चपलेचा अंगठा तुटला अन गोट्यानं पाय फाटला, तर दोघं भाऊ तिथीच बसले चिंधी बांधत, म्हने तुमी चाला, आमी येतोच. जाऊबाई भरल्या घागरीनं दर वीस पावलावर थांबे. अन मी? मी तर हरनीवानी. डोक्यावर काई वजनच नाई तर काय होते! उलट मले मजा येऊन राह्यली होती का पाहा, काल आलेली सून कसी पुढे जाऊन राह्यली.

अन हे बुढीनं पाह्यलं. ती मांगं राहनारी बाई नव्हती. पन्नाशीची होती, पन निंदनाले उभी राह्यली तर जवान पोरींची पात मांगं टाके. तिनं मांगून आवाज देल्ला, व चंपे, भरली घागर घेऊन धावतं का व! मी म्हनलं, तुमी बसा, आत्याबाई, सावकाश या. झालं. बस म्हनलं का उठनारी ती. पदर खोसला अन आली माह्या बरोबरीनं, अन माह्याकडे पाहून म्हनते का, पोरीत दम हाये, तुह्या सासऱ्यानं तुले पसंत केली तवा मी नाई म्हनत होती, मी चुकली. आता सांगा. त्या वखती थांबाले पाह्यजे होतं का नाई? वजन जड झालं असं नाटक कराले पाह्यजे होतं, नाटकं तर मले लय येत होती. पन तिनं तारीफ केली ना, मी आनखी जोरात निघाली.

तिसऱ्या टेकाडावर तिचं तोंड लालबुंद झालं. मंग घाम आटला. मले वाटलं, बरं झालं, बुढीले थंडावा लागून राह्यला. असी हुशार मी! घाम आटनं म्हंजे लू डोक्यात चढली, हे मले दवाखान्यातल्या बाईनं किती वर्षांनी सांगितलं.

टोकावर एक शेंदूर लावलेला गोटा अन एक वाकलेला बांबू, त्याले चिंधी. बस. सावली नावाले नाई. बुढी गोट्यापाशी बसली, मंग कलंडली. डोळे उघडे, पन पाहून नाई राह्यली. मामंजीले हाक मारे, म्हने, बैलं सोडा, बैलं तहानली. मी खाली पाह्यलं, जाऊबाई दुसऱ्या टेकाडावर, मुंगीएवढी. मी बोंबलली, पन हवेनं आवाज कुठी गेला काय मालूम.

मंग मी फडकं सोडलं. दोन ओंजळी. एक तिच्या तोंडात सोडली, अर्धी तर गालावरूनच गेली. दुसरी टाळूवर थापली. अन झालं, पानी संपलं. त्या वैशाखात, त्या टोकावर, मी रिकामी घागर उलटी करून हलवून राह्यली होती, जसं काई हलवलं तर येनार होतं. लुगड्याचा पदर धरून सावली केली, कांदा फोडून तळपायाले घासला, रडत होती, अन मनात काय येत होतं सांगू? बुढी मेली तर, हे नाई. लोक घागरीत पाहतील तर, हे.

बऱ्याच वेळानं तिची नजर जाग्यावर आली. तिनं घागरीकडे पाह्यलं. हात लांबवला अन आत घातला, पार बुडापर्यंत, बोटं फिरवली. फडकंही चाचपलं, ते तर सुकं खडखडीत. घागर आतून कोरडी, फक्त बुडाशी थोडी ओल, वरच्या काठाले पान्याचा डागही नाई. निंदन करनारी बाई, पान्याच्या रेघा ओळखनार नाई का? मंग माह्याकडे पाह्यलं.

जाऊबाई आली. तिनं पाहताक्षणी स्वतःची घागर उतरवली, रीतभात काई पाह्यली नाई, बुढीले पाजलं, अंगावर ओतलं, पदर भिजवून छातीवर ठेवला. त्या पान्यानंच ती वाचली, हे खरं हाये, हे लिहा. मांगून दोघं भाऊ आले. अन भासऱ्यानं विचारलं, बाबाची घागर कुठी? त्याचं पानी?

मी तोंड उघडलं. म्हंजे मले आता वाटते का उघडलं होतं. तेवढ्यात बुढी बोलली. मी पेली. सारी पेली. मले दम नाई निघाला.

जाऊबाईच म्हनली, व माय, मामंजीचं पानी पेलं, ओताच्या आधी? अन मी काय केलं, तर पायाच्या अंगठ्यानं गोटा उकरत राह्यली. तोंडात काय कापूस भरला होता माह्या?

त्या साली दोन्ही घागरी पितरांले पोचल्या नाई. गावभर झालं. बायका झिऱ्यावर बोलत, तीस-पस्तीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याचं पानी घोटून बसली. अन दिवाळीच्या तोंडावर जाऊबाईचं पाच महिन्यांचं पोट गेलं. ती पहिलटकरीन होती. दुःखात मानसाले कोनी तरी लागते दोष द्याले. तिनं बुढीले धरलं, म्हने तहानलेल्या पितराची हाय लागली, तुह्यामुळं. तेव्हापासून अखाजीची घागर बुढीले शिवू नाई देल्ली. मरेपर्यंत, नऊ अखाज्या, ती ओसरीवर भिंतीले टेकून बसे अन घरात पूजा होये. अन पूजेची घागर कोन भरे? मी. काठोकाठ. लय शाहानी झाली होती मी.

एकदा, तिच्या डोक्याले तेल लावतानी, मी म्हनलं, आत्याबाई, मी सांगून टाकते सगळ्यांले. ती म्हनली, चूप बस. एकीचं नाव गेलं ते गेलं, आता दोघींचं कायले. अन मले काय वाटलं? सुटल्यावानी वाटलं. तेल लावाले हात आनखी हलका झाला.

लय वर्षं मी समजत होती का तिनं मले वाचवलं. आता तिच्याहून म्हातारी झाली तवा दुसरंच वाटते. तिले मले वाचवाचं नव्हतंच. आपल्या मानसाले सुनेनं दोन ओंजळीत गुंडाळलं, त्याची टर उडवली, हे तिले गावात जाऊ द्याचं नव्हतं. बायको तहानेनं चुकली, हे त्यातल्या त्यात त्याच्यासाठी बरं. मी मधात कुठी नव्हतीच. तरी मी स्वतःले तिची लाडकी समजत राह्यली, पाहा.

आता मी इथं नालवाडीत पोराजवळ राहते. हे गेले, भासरे गेले. जाऊबाई गावातच हाये, तिच्या धाकट्या पोराजवळ, ऐंशीच्या घरात. बोडख्यावर आता टॉवर झाला, पोट्टे फटफटीनं वर जाऊन फोटो काढतात. यंदा अखाजीले मी बसनं गेली. अंगनात दोघी कैऱ्या कापत बसलो होतो, अन मी सांगितलं. सगळं. झिऱ्यापासून. आधी हसत हसत सांगाले गेली, माही तशीच सवय, मंग हसू कुठी राह्यलं काय मालूम.

जाऊबाईनं चाकू खाली ठेवला. मंग म्हनली, चंपे, हे मले आता सांगतं? नऊ वर्षं मी तिले काय काय बोलली. तिच्या ताटात भाकर फेकली म्या. आता मी कोनाच्या पाया पडू?

मले वाटलं होतं का माह्या डोक्यावरचं उतरन. उतरलं, पन तिच्या डोक्यावर गेलं. मरेपर्यंत माह्याजवळच राहू द्याले पाह्यजे होतं का? पोरगा म्हनते, आई, चांगलं केलं. नातसून म्हनते, कायले सांगितलं, आजी, बिचारीले सुखानं जाऊ द्याचं होतं. मले दोघांचंही पटते. मी काय करू?

तुमी लिहाले बसल्या म्हनून सांगते, हे छापा, अन सरजाबाईचं नाव बदलू नका. त्या बाईनं पानी पेलं नव्हतं.

जाऊबाईले मी रोज दुपारी फोन लावते. ती उचलते. बोलत नाई, पन ठेवतही नाई. मंग मीच बोलत राहते, आज काय भाजी केली, गुडघा कसा हाये, इकडे नळ आला का नाई. तिकडून श्वास ऐकू येते, मधात कोंबड्या ऐकू येतात. थोड्या वेळानं मी म्हनते, बरं बाई, ठेवते. देव तिले शांत झोप देवो. मले नाई देल्ली तरी चालते.