एक मारामारीचा, एक मनधरणीचा

दोन हजार पंचवीस साल, फाल्गुनाचा पहिला आठवडा, ज्वारी निघून कडबा घरी आलेला, सगळं गाव रानात... आन् मी, हरिबा, सत्तर वर्षांचा गडी, डाव्या पायाला मांडीपर्यंत पलस्तर, बाजेवर बसून एका गुलाबी केसाच्या पोरीची मनधरणी करतोय, आन् ती मला म्हणते काय, तर "तुम्ही माझ्या मनातलं कधी ओळखलंच नाही"! आरं, आमची वळख होऊन चार दिवस झालेत! चार दिवसांत मनातलं कसं वळखावं? मी सरळ वागलो, नजर खाली ठेवली, एक वावगा शब्द न्हाय. तुमाला इचारतो, यात माझं काय चुकलं?

हसू नका. आधी ऐका.

कडब्याच्या गंजीवरनं पडलो. तसा मी पडणारा माणूस न्हाय. चाळीस कुस्त्या केल्यात, माझ्या पाठीला माती लई थोड्यांनी लावली. पण पेंडी घसरली, पाय मोडला, आन् डॉक्टर म्हणला, दीड महिना हलायचं न्हाय. घरात कोण? बायको कोंडाबाई, आन् नात ज्ञानेश्वरी. नात धाराशिवला कॉलेजात शिकते, परीक्षेच्या अभ्यासाला घरी आलेली. दोन दिवस तिनं माझं कण्हणं ऐकलं, तिसऱ्या दिवशी तिचा लॅपटॉप आणून माझ्या फुडं ठेवला, आन् त्याला जोडलेलं बटणांचं खेळणं हातात दिलं.

"आबा, यात दोन खेळ आहेत. जपानी आहेत. फारसं कुणी खेळत नाही, पण मला लई आवडतात. एक मारामारीचा आहे, एक मनधरणीचा."

म्या म्हणलं, मारामारीचा लाव. मनधरणी आपल्याला जमत न्हाय.

तवा चुलीपासनं कोंडाबाई म्हणाली, "ठावं हाय."

दोनच शब्द. तवाच सावध व्हायला पायजे होतं.

तर तो मारामारीचा. पडद्यावर चोवीस गडी हुबे, त्यातल्या अठरा पोरी. आन् सगळ्या शाळंच्या कपड्यात! एकीच्या हातात तिच्याहून उंच तलवार, एक छत्री घेऊन लढते, एक तर नुसती वरडते आन् समोरचा उडून पडतो. वजनाचा गट न्हाय, लंगोट न्हाय, माती न्हाय, पंच न्हाय. म्या म्हणलं, ह्यात पैलवान कुठला? तर एका कोपऱ्यात एक जाडा, टकल्या, आडवा गडी. नात म्हणाली, "आबा, हा धरून आपटणारा. हा लई अवघड. हळू चालतो, जवळ गेल्याशिवाय याला काही करता येत नाही. याला कुणी घेत नाही." म्या म्हणलं, हाच. जवळ न जाता लढतो तो पैलवान कसला?

खेळ सुरू. समोर ती छत्रीवाली. मी थांबलो. कशाला म्हणजे? सलामीला! सलामी झाल्याशिवाय अंगाला हात लावायचा न्हाय, वस्तादानं कान पिळून शिकवलेलं. मी हुबा, माझा टकल्या हुबा... आन् तिनं छत्रीतनं गोळा मारला! दुसरा मारला! तिसरा! लांबनंच! "आबा, दाबा! काहीतरी दाबा!" "अगं, तिनं सलामी कुठं दिली?" तवर टकल्या आडवा. परत लावला. परत थांबलो. परत आडवा. अकरा येळा! मला सांगा, यात माझं काय चुकलं?

बरं, ती छत्रीवाली चालवत कोण होतं? म्हणे जगाच्या पाठीवर कुठनं तरी कुणी तरी. हा खेळ खेळणारी माणसंच इतकी कमी, की जोडीदार शोधायला लावलं की अर्धा तास पडद्यावर नुसतं चाक फिरतं, आन् मग येतं कोण? तीच छत्री! जग एवढं मोठं, आन् त्यात रिकामी आमी दोघंच!

पण खेळ वाईट न्हाय हां. म्हणजे वाईट हाय... पण लोकांचं चुकतं कुठं ते सांगतो. सगळ्यांना लांबनं फेकणारा गडी पायजे. धरून आपटायला धीर लागतो. चार गोळे अंगावर घ्यायचे, एकेक पाऊल फुडं सरकायचं, आन् एकदा का हाताला लागला, की चारी मुंड्या चीत. ह्याला म्हणायचं खेळ. पण तो आपटायचा डाव निघतो कसा? अंगठ्याखाली एक दांडी असते, ती पुरी गोल फिरवायची, एका दमात, आन् गोल मिटता मिटता बटण. माझा अंगठा म्हणजे खुरप्याचा दांडा. अर्ध्यात अडकायचा. टकल्या धरायचा सोडून जागच्या जागी उडी मारायचा. एवढा मोठा गडी, आन् नुसत्या उड्या! मला लाज वाटायची त्याची.

अशी ती दुपार. कोंडाबाई मागं तूर पाखडत बसलेली. एकदम म्हणाली, "आणा हिकडं."

"अगं, तुला काय कळतंय त्यातलं?"

"जात्याचा खुंटा असाच फिरतो की."

आन् फिरवला! गरागरा! छत्रीवाली उचलली, वर नेली, आन् डोक्यावर आपटली! परत उचलली, परत आपटली! पडद्यावर कसली कसली अक्षरं पेटली. नात नाचायला लागली. "आजी, तू सलामीची वाट नाही बघितली?"

"वाट बघून बघून कट्टाळा आला बाई," म्हणाली, आन् गेली परत तुरीकडं.

आता ह्या बोलण्याला अर्थ काय? मला तवा कळला न्हाय. म्या आपलं चिडून म्हणलं, बंद कर हे. दुसरा लाव.

तर हा मनधरणीचा. ह्यात करायचं काय? काय न्हाय! चित्र हुबं, खाली अक्षरं, ती बी इंग्रजी. माझी शाळा तिसरीपतूर. म्हणजे नात मराठीत सांगणार, मी ऐकणार. एक पोरगी, फुमिको तिचं नाव. आमी फुमाबाई म्हणतो. केस गुलाबी, पोळ्याला बैलाच्या शिंगाला रंग लावत्यात तसे. डोळे केवढे! आन् जीव कशात? केकात. पावसात. छत्री इसरली त्यात. दोन तास बोलते, दोन तास! आन् मधीच थांबून तीन उत्तरं फुडं टाकते, त्यातलं एक आपण निवडायचं. बाकी आपलं काम काय, तर बटण दाबत हूं हूं म्हणायचं.

आन् एकाच्या बी घरात वडीलधारं माणूस न्हाय! फुमाबाईचे आई-बाप परदेशी. तिच्या मैत्रिणीचे परदेशी. आपण ज्या पोराच्या नावानं खेळतो, त्याचे बी परदेशी! म्या इचारलं, जपानात मोठी माणसं ऱ्हात्यात तरी का?

फुमाबाई म्हणाली, "घरी कुणी नाही, चहाला येता?" तीन उत्तरं. एक, येतो. दोन, उद्या येतो. तीन, घरी मोठं माणूस असेल तेव्हा येईन. आता तुमी सांगा, चांगल्या घरचा माणूस पहिलं दाबील? म्या तिसरं दाबलं. फुमाबाईनं तोंड पाडलं, वाजंत्री बंद. "आबा, पॉइंट गेला." कसला पॉइंट? आमच्यात पोरगी बघायला जायचं तर पाच माणसं लागत्यात!

फुमाबाई म्हणाली, "मी केस कापले, कसे दिसतात?" म्या दाबलं, लक्ष नव्हतं. खरंच नव्हतं! परक्याच्या पोरीच्या केसांकडं बघत बसायचं असतं का? पॉइंट गेला. फुमाबाईनं जेवणाचा डबा आणला. "कसा झालाय?" एक, छान झालाय. दोन, मीठ कमी आहे. तीन, काही न बोलता सगळा खातो. म्या तीन! जन्मभर तेच केलंय. सगळा खाल्ला म्हणजे छान झाला, येगळं तोंडानं कशाला सांगायचं? पॉइंट गेला!

मागं सुपाचा आवाज थांबला. म्या वळून बघितलं न्हाय.

फुडं ती रडून निघून गेली, ते मघाशी सांगितलंच. मनातलं वळखलं न्हाय म्हणे.

पण मी बी हट्टाचा. परत पहिल्यापासनं लावला. पंधरा दिवस! परत केक, परत पाऊस, परत छत्री. ह्या खेपंला केस बघितले म्हणलं, डबा छान म्हणलं. अंगठा जड झाला, पण दाबलं. फुमाबाई हसायला लागली. आन् मग आली जत्रा. जपानात बी जत्रा असते. कंदील, मुखवटे, गोड खाऊ, आन् मधोमध पाळणा. हा एवढा गोल, वर आभाळात. फुमाबाई म्हणाली, "बसूया?"

नातीनं वाचलं. "एक, चल, बसू. दोन, मला भीती वाटते. तीन, पुढच्या वर्षी नक्की."

म्या इचार बी केला न्हाय. अंगठा आपसूक गेला. तीन. का? आवो, तीनमदी नकार न्हाय! पोरीचं मन मोडलं न्हाय, आपण वर चढलो न्हाय, शब्द बी दिला. याहून चांगलं उत्तर कुठलं?

पडदा काळा. मग बर्फ. मग एकच ओळ, नातीनं हळू वाचली. "पुढच्या वर्षी फुमिको त्या गावात नव्हती."

"आबा! दोन बरोबर होतं, दोन!"

"दोन? मला भीती वाटते? कुठला गडी असं दाबील?"

कोंडाबाई उठली. सूप बाजूला ठेवलं. पडद्यापाशी आली, त्या रिकाम्या पाळण्याकडं लई येळ बघितलं, आन् म्हणाली, "पोरगी शहाणी. एकच वर्ष वाट बघितली."

आता तुमाला सांगायलाच पायजे. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. चैत्र, येरमाळा, येडाई देवीची जत्रा. लग्नाला एक वर्ष, कोंडाबाई अठरा वर्षांची. लाकडी पाळणा आलेला, चार डब्यांचा, दोन गडी हातानं फिरवायचे. ती म्हणाली, "बसायचं का?" आन् तिकडं कुस्तीच्या फडात माझ्या नावाचा पुकारा झाला. म्या म्हणलं, पुढच्या वर्षी नक्की. एवढंच म्हणलं! पुढच्या वर्षी बाप वारला. त्याच्या पुढच्या वर्षी थोरला कुमार पोटात. मग दीपाली. मग इहीर खणली, मग दुष्काळ, मग भूकंप, मग लग्नं... सत्तेचाळीस वर्षं! दर चैत्रात ती पाळण्याकडं बघायची, मी फडाकडं. तिनं परत इचारलं न्हाय. मला वाटलं, इसरली.

"आन् ती कुस्ती तरी मारायची व्हती," ती म्हणाली. "सलामीला हात फुडं करून हुबा ऱ्हायलात, तवर त्यानं पाय वढून पट काढला, तुमी चीत. मोजून दोन मिनिटं. पाळण्यापशी हुबी ऱ्हाऊन म्याच बघितलं. एक फेरी झाली असती तेवढ्यात."

नात माझ्याकडं बघते, मी पलस्तराकडं बघतो.

तवापासनं बोलणं बंद. भाकरी यायची, पाणी यायचं, शब्द न्हाय. एक दिवस म्या भाकरीचा तुकडा मोडला आन् मोठ्यानं म्हणलं, "छान झालीय!" पंधरा दिवस काय उगं शिकलो? ती नातीला म्हणाली, "आबाच्या अंगात ताप हाय का बघ गं." आन् माझ्या देखत फोन लावला लेकीला, तिच्या सासरी सोनारीला. "दीपाली, औंदा जत्रंला तुमच्यासंगं येते. ह्यास्नी घरीच ठिवते." सत्तेचाळीस वर्षं संगं गेलेली बाई! मी भांडलो न्हाय, मारलं न्हाय, दारू न्हाय, जुगार न्हाय. एक पाळणा! यात माझं काय...

न्हाय. तवा न्हाय इचारलं. इचारायची सोय नव्हती.

नात कुजबुजली, "आबा, मी मागचं सेव्ह करून ठेवलंय. मागं जाऊन दुसरं उत्तर देता येतं."

म्या म्हणलं, "फुमाबाईकडं जाता येतं मागं. मला अठ्ठ्याहत्तरला नेऊन सोड."

तिनं लॅपटॉप मिटला. परत तो खेळ म्या लावला न्हाय.

चैत्री पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पलस्तर निघालं. दुसऱ्या दिवशी जीप घेऊन दीपाली आली. कोंडाबाई चढली. मी काठी टेकत गेलो आन् फुडच्या शीटवर बसलो. कुणी इचारलं न्हाय, म्या सांगितलं न्हाय. दर्शन झालं. दुसऱ्या दिवशी येडाईच्या रिवाजानं चुन्याच्या रानात चुनखडी वेचली, पाच खडे रचले. रस्त्यानं मागारी फिरलो, तर फुडं पाळणा. आता लाकडी कुठला? लोखंडी, इजेवर फिरणारा, शेंड्याकडं बघितलं तर टोपी पडावी.

कोंडाबाईनं एकदा वर बघितलं, आन् चालायला लागली.

आन् तेवढ्यात, बघा माझं नशीब, फडातनं श्रीमंत पळत आला. माझ्या जोडीचा पैलवान, आता कुस्त्या भरवतो. "हरिबा, चल! जुन्या पैलवानांना फेटे बांधायलोय, तुझं नाव पुकारलंय!" खरंच, भोंग्यावर माझं नाव. सगळ्या जत्रंत.

कोंडाबाई थांबली. माझ्याकडं बघत न्हाय, मातीकडं बघते. वाट बघायची तिची रीतच ती.

म्या म्हणलं, "श्रीमंत, पुढच्या वर्षी. नक्की."

"आरं, पुढच्या वर्षी आपण असू का नसू?"

"म्हणूनच," म्या म्हणलं. आन् तिच्यापाशी गेलो. चाळीस कुस्त्यांत कुणाला सांगितलं न्हाय ते सांगितलं. "कोंडाबाई, मला भीती वाटते. तवाबी वाटत व्हती. गंजीवर चढलो तवाबी."

सत्तेचाळीस वर्षांत ती एवढी हसली न्हाय. पदर तोंडाला लावून, रस्त्यात, हुबी ऱ्हाऊन! "आवो, मग धरायचा की माझा हात! एवढंच व्हय?"

बसलो. फुडं आडवी दांडी लागली. फिरायला लागला. म्या डोळे गच्च मिटले, एका हातात लोखंड, एका हातात तिचं मनगट. ती आपली सांगत होती, "देऊळ दिसतंय... हमरस्ता दिसतोय... ते बघा, श्रीमंतभावजी दुसऱ्याला फेटा बांधायलेत... बघा की!"

"तू बघ. मला सांग."

गरागरा, गरागरा. जात्यात घातल्यागत. एकदाचा खाली आला, थांबला. मी उठलो. काठी कुठं गेली ठावं न्हाय. तर तिनं सदरा धरून परत खाली बसवलं.

"ही अठ्ठ्याहत्तरची झाली," म्हणाली. "औंदाची ऱ्हायली."

आता मला सांगा, यात माझं... जाऊ द्या.

बसलो परत. देणं फिटलं.